वीजबिलाच्या नांवानें होणारी फसवणूक

विहिरीवर मोट चालत होती तेव्हां शेताचें पाणी बैलांच्या बळावर अवलंबून होतें; आज तें विजेच्या तारेवर अवलंबून आहे. उन्हाळी कांदा पोसत असतां पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या तर काय होतें, हें बागायतदारांस सांगावयास नको. म्हणूनच ‘वीज तोडली जाईल’ ही धमकी शेतकऱ्याच्या मनास फार लौकर लागते. ठगांनीं हें मर्म ओळखलें असून त्यावरच आपला धंदा उभारला आहे.

ह्या फसवणुकीची रीत बहुधा ठरलेली असते. सन २०२२ मध्यें असे संदेश महाराष्ट्रांत मोठ्या प्रमाणावर येऊं लागले. मागील महिन्याचें बिल जमा झालेलें दिसत नाहीं, सबब आज रात्रीं साडेनऊ वाजतां पुरवठा बंद होईल, ताबडतोब अमुक क्रमांकावर वीज अधिकाऱ्याशीं बोलावें, असा त्याचा मजकूर. त्या क्रमांकावर बोलणारा गृहस्थ मोठा अदबशीर असतो. ‘बिल पोंचलें आहे, केवळ नोंद व्हावयाची राहिली आहे, एक ॲप उतरवून घ्या आणि दहा रुपये भरा,’ असें तो सांगतो. तें ॲप असें असतें कीं, आपल्या फोनच्या पडद्यावरील सर्व कांहीं त्यास दूर बसून दिसावें. दहा रुपये भरतांना आपण जो पिन टाकतों व जो ओटीपी येतो, तो त्याच्या हातीं पडतो आणि खात्यांतील शिल्लक निघून जाते.

आमच्या एका सभासद बंधूंचें असेंच झालें. कांद्याची पट्टी बँकेंत जमा झाली त्याच आठवड्यांत संदेश आला. बिल भरलेलें होतें व पावतीहि घरांत होती. परंतु दिवेलागणीची वेळ, कार्यालय बंद, आणि पहांटे पाणी धरावयाचें. ह्या घाईंत पावती पाहण्याचें भान त्यांस राहिलें नाहीं. मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली रक्कम त्यांत गेली. हे गृहस्थ शिकलेले व व्यवहारी आहेत. त्यांची चूक अज्ञानाची नसून घाईची होती.

ह्या घाईवर उतारा कायद्यांतच आहे. वीज कायदा, २००३ च्या ५६ व्या कलमाप्रमाणें थकबाकीसाठीं पुरवठा तोडण्यापूर्वीं ग्राहकास पुरत्या १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेविषयीं वाद असल्यास हरकत नोंदवून पैसे भरण्याची व पुरवठा चालू ठेवण्याचीहि सोय त्याच कलमांत आहे. म्हणून ‘आज रात्रीं तोडतों’ हे शब्दच लबाडीची पहिली खूण समजावी.

दुसऱ्या खुणा अशा:

(१) महावितरणचे खरे संदेश खाजगी दहा अंकी क्रमांकावरून येत नाहींत. पाठविणाराच्या नांवांत ‘एमएसईडीसीएल’ हीं इंग्रजी अक्षरें असतात.

(२) महावितरण कोणासहि खाजगी क्रमांकावर बोलावयास सांगत नाहीं, व ओटीपी किंवा पिन विचारीत नाहीं.

(३) बिल भरण्याच्या नांवानें संदेशांतून आलेली फाइल किंवा दुवा उघडूं नये.

(४) पैसे परत मिळण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. पिन टाकला कीं पैसे आपल्या खात्यांतून जातात, येत नाहींत.

शंका आल्यास आलेल्या क्रमांकावर न बोलतां बिलाचा कागद हातीं घ्यावा आणि त्यावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक सांगून १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ येथें स्वतः चौकशी करावी.

पंपाविषयीं दोन शब्द. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून पांच वर्षें मोफत वीज देण्याचें राज्य सरकारनें ठरविलें. अशा पंपाचें चालू बिल कोणी फोनवर मागूं लागल्यास तेथेंच संशय घ्यावा. मागील थकबाकी सांगितल्यास ती कार्यालयांत जाऊन पाहावी. सौरपंपाच्या नांवानेंहि बनावट संकेतस्थळें निघालीं असून, तीं नोंदणीशुल्क उकळतात; केंद्रीय मंत्रालयानें ह्याबद्दल वेळोवेळीं इशारा दिला आहे. आपला हिस्सा अधिकृत संकेतस्थळावरच भरावा, कोणा मध्यस्थाच्या खात्यांत नव्हे.

इतकें करूनहि कोणी फसलाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. फोनचें इंटरनेट प्रथम बंद करावें, दुसऱ्या फोनवरून १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस खातें रोखण्यास सांगावें. ठग पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें हलवितात. तक्रार लौकर पोंचली तर वाटेंत अडलेली रक्कम गोठवितां येते. बँकेस कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा बोजा ग्राहकावर पडूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलें आहे. तेव्हां उशीर करणें म्हणजे आपलीच बाजू दुबळी करणें होय.

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, हें आपल्यापुरतें ठेवूं नये. शेजारी, वृद्ध मातापिता, शेतावरील गडी, ह्या सर्वांस ‘पंधरा दिवसांची नोटीस’ हे शब्द पाठ करवावे. धमकीचा संदेश आला म्हणजे रात्र जाऊं द्यावी. सकाळीं वीज चालू असेल आणि पैसेहि खात्यांतच असतील.