दुकानातली एक खोली आणि आपला माळ



गेल्या महिन्यात शीव कोळीवाड्याला पुतण्याकडे आठ दिवस मुक्काम पडला. स्टेशनाचे नाव आता गुरू तेग बहादूर नगर, पण जुनी माणसे कोळीवाडाच म्हणतात. तेथून लोकल धरली, बोरीबंदरला उतरलो. पुतण्याने फोर्टात 'हॉर्नबिल हाऊस' दाखवले. पशुपक्षी अन् झाडपाल्याचा अभ्यास करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे घर. तिची जन्मकथा ऐकली आणि वाटले, ही आपल्या वार्तापत्रात आलीच पाहिजे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ माणसे जमली आणि संस्था निघाली. सहा साहेब, दोन आपले : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन देशी औषधी वनस्पतींचे जाणकार. संस्था झाली, पण जमवलेले नमुने ठेवायचे कोठे? तेव्हा फोर्ब्स स्ट्रीटवरचे दारूचे व्यापारी फिप्सन पुढे आले. जानेवारी १८८४ पासून त्यांनी दुकानातली एक खोली संस्थेला वापरायला दिली. दारूच्या दुकानाने केलेले चांगले काम मी तरी हे एकच ऐकले!

त्या खोलीपासून वाढलेल्या संस्थेत पुढे मॅकॅन नावाचे गृहस्थ काम करीत. त्यांनी व फादर ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर ग्रंथ लिहिला, तो १९३५ साली निघाला. आपण सरसकट 'गवत' म्हणतो त्याची एकेक जात त्यांनी नावानिशी नोंदवली. १९८०च्या दशकात याच संस्थेच्या लोकांनी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोकाचा अभ्यास केला. तिथले अभयारण्य १९७९ चे. आज तेथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. माळ नांगरला गेला, पाणी आले तसा ऊस आला. उरल्या माळावर हिरवळ व्हावी म्हणून गिरिपुष्प लावले. उघड्या माळावर राहणाऱ्या पक्ष्याला ती दाटी काय कामाची?

दुसऱ्याला कशाला बोल लावू? माझ्याच सातबाऱ्यावर साडेतीन एकर पोटखराबा होता. पवना, मारवेल, कुसळी उभी असायची. दोन बैल अन् चार शेरडे त्यावर निघायची. जेसीबी लावून सपाट केला. खाली निघाला मुरूम. दोन वर्षे ऊस लावला, पिवळा पडला, पाण्याचा अन् खताचा खर्च अंगावर आला. आता जमीन उघडी आहे आणि वैरण मी विकत घेतो. वडील त्या तुकड्याला कधी पडीक म्हणत नसत, 'गवताचे रान' म्हणत.

म्हणून एक सूचना. आपल्या ग्राहक भांडाराने एक फळी मोकळी करावी. कार्तिकात पवना-मारवेलचे बी पिकते. ज्यांच्या बांधावर, माळावर ते अजून आहे त्यांनी थोडे झाडून आणावे. सगळे ओरबाडू नये, रानालाही बी लागते. भांडाराने पुड्या बांधून विकाव्यात आणि आलेला पैसा कार्यक्षेत्रातल्या एखाद्या गायरानाच्या राखणीला द्यावा. राखण म्हणजे वणवा आणि नांगर दोन्ही बाहेर ठेवणे. गुरे बंद करा असे मी म्हणत नाही, बी पडल्यावर खुशाल चरू द्या.

वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. माझ्या ओढ्याकाठी मारवेलाचा एक पट्टा जेसीबीतून वाचलाय. पहिली पिशवी तिथली.