ठेंगण्या मोटारीस जॅक लावतांना

मोटारीच्या पोटाखालीं तेलाचा थेंब दिसला कीं, हौशी गृहस्थ रविवारीं सकाळीं जॅक घेऊन अंगणांत येतो. गाडी उंच असेल तर काम सुरळीत सुरू होतें. पण ती ठेंगणी असली म्हणजे जॅक आंत शिरतच नाहीं. मग कोणी विटा आणतो, कोणी फरशीचा तुकडा पुढें करतो, आणि ज्या कामास थोडासा धीर पुरला असता, त्यांत जीव धोक्यांत पडतो. यासाठीं जॅकचें सामर्थ्य किती व मर्यादा कोणती, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

चाकांवर सरकणारा तेलाचा जॅक ज्या तत्त्वावर चालतो, तें फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यानें सतराव्या शतकांत मांडलें. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें याच तत्त्वावरील दाबयंत्राचें पेटंट १७९५ सालीं घेतलें. लहान दट्ट्याहून मोठ्या दट्ट्याचें क्षेत्रफळ दहापट असेल, तर जोरही दहापट मिळतो. मात्र मोठा दट्ट्या एकदशांश अंतरच चढतो. म्हणूनच दांडा पुनःपुन्हां हालवावा लागतो. आतां, हा सारा दाब अडवून धरतें कोण? तर एक लहानसें रबरी कडें! तें झिजलें किंवा फाटलें कीं तेल वाट काढतें व भार खालीं येतो. आगाऊ सूचना मिळेलच असें नाहीं. गाडीबरोबर मिळणारा, मळसूत्र फिरवून उघडणारा कात्रीसारखा जॅक तेलावर चालत नाहीं हें खरें. पण त्याचा पाया अरुंद असल्यामुळें गाडी जरा सरकतांच तो कलंडतो. तो स्टेपनी बसविण्यापुरताच दिलेला असतो. सारांश, जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. एवढें एक वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें.

काम सुरू करण्यापूर्वीं जागा पाहावी. ती सपाट व टणक हवी. मातींत जॅक रुततो, उतारावर गाडी सरकते, आणि उन्हाळ्यांत डांबरही मऊ पडतें. गाडी गिअरमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा व जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावाव्या. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. तेव्हां मागची बाजू उचलली कीं त्याचा उपयोग उरत नाहीं, आणि सारी भिस्त पुढच्या पाचरींवर येते. चाक काढावयाचें असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे.

आतां मुख्य अडचण. साधारण जॅकचें डोकें अगदीं खालीं आणलें तरी जमिनीपासून सुमारें १३ सेंटिमीटर उंच राहतें. ठेंगण्या गाडीची कडा कित्येकदां त्याहूनही खालीं असते. यावर सोपा उपाय असा कीं, सुमारें ४ सेंटिमीटर जाडीच्या दोन रुंद, भक्कम फळ्या घेऊन पुढचीं दोन्ही चाकें त्यांवर चढवावीं. पुढचा भाग जवळजवळ तितकाच वर येतो आणि जॅकला वाट मिळते. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे मात्र वापरूं नयेत. ते भाराखालीं अवचित फुटतात. ठेंगण्या गाड्यांसाठीं बसक्या डोक्याचे जॅकही मिळतात.

जॅक कोठें लावावा, हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. दारांखालच्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर बहुधा खूण असते. तळाचा पातळ पत्रा किंवा तेलाचें पात्र यांस जॅक लावल्यास तीं चेपतात. पण खुणेच्या जागीं जॅक बसला, तर आधाराची लोखंडी घोडी, जिला बाजारांत जॅकस्टँड म्हणतात, ती कोठें ठेवावी? पुस्तिकेंत पुढच्या बाजूस मधोमध आडव्या तुळईची जागा दाखविली असेल, तर जॅक तेथें लावावा व बाजूच्या दोन्ही खुणांखालीं घोड्या ठेवाव्या. उचलतांना जॅकचा हात कमानींत फिरतो. म्हणून त्याचीं चाकें मोकळेपणीं सरकलीं पाहिजेत. तीं अडलीं तर डोकें जागेवरून घसरतें.

भार घोड्यांवर सावकाश उतरवावा आणि गाडीखालीं शिरण्यापूर्वीं ती बाजूनें हातानें हालवून पाहावी. डगमगायची असेल तर तेव्हांच डगमगूं द्यावी! जॅक किंचित् टेकलेला ठेवावा व काढलेलें चाक कडेखालीं आडवें सारावें. आधार सुटलाच तर तेवढी जागा उरते. गाडींत कोणी बसूं नये, मुलें दूर असावीं. काम संपल्यावर खालीं कोणी वा कांहीं राहिलें नाहीं हें पाहून गाडी हळूहळू उतरवावी आणि नट शेवटचे जमिनीवरच आवळावे.

ज्याच्याजवळ घोड्या नाहींत, त्यानें चाक बदलावें. पण गाडीखालीं जाऊं नये. तेलाचा थेंब आणखी एक रविवार गळत राहिला, तरी घरचें माणूस संध्याकाळीं पाटावर जेवावयास बसलेलें असावें, हेंच खरें.