फिल्टरमधलं ‘मिनरल’ नेमकं येतं कुठून?

शिरूर आणि दौंडमध्ये पिण्याच्या पाण्याची काळजी खरी आहे. या दोन तालुक्यांच्या वेशीवर मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळते. उसाच्या पट्ट्यात शेतातलं खत झिरपतं आणि बोअरचं पाणी मचूळ लागतं. म्हणून आरओ आला, जार आले. आता त्याच पाण्यात ‘मिनरल’ घालून देणारी यंत्रं दारोदार विकली जाताहेत, आणि त्यांच्यासोबत काही समजुतीही.

गैरसमज : बोअरचं पाणी विषारी आहे, हे प्रयोगात डोळ्यांना दिसतं.

विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज लावतो. थोड्याच वेळात बोअरच्या ग्लासात तांबडा-हिरवट गाळ उठतो आणि घरातली माणसं धसका घेतात. तो गाळ म्हणजे झिजलेल्या लोखंडी कांडीचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही गढूळ होईल. टीडीएसचा पेन तरी काय सांगतो? एकूण किती विरघळलंय, एवढंच. ते कॅल्शियम आहे की नायट्रेट, हे त्याला कळत नाही; जंतू तर नाहीच नाही.

गैरसमज : ‘मिनरल’चा स्क्रू फिरवला की पाण्यात क्षार मिसळतात.

सगळ्यात घातक समजूत हीच. अनेक यंत्रांत ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा स्क्रू असतो. तो बाहेरून काहीही घालत नाही. आरओचा पडदा टाळून थोडं मूळ पाणी शुद्ध पाण्यात सोडतो. बोअरला नायट्रेट असेल तर तेही त्याच वाटेने ग्लासात येतं. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत ठेवलेली नाही. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

मिनरल कार्ट्रिज ही वेगळी वस्तू. तिच्यात बहुधा कॅल्साइटचे आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचे पांढरे दाणे असतात. त्यांनी पाण्याची चव सुधारते, आम्लपणा कमी होतो. पण दाणे झिजत जातात, आणि किती विरघळतंय हे घरी कळायला मार्ग नसतो.

गैरसमज : असं पाणी म्हणजे हाडांचं औषध.

हिशेब करून पाहा. पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं आणि दिवसाला तीन लिटर पाणी प्यायलं, तर मिळतं 60 मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची गरज 1000 मिलिग्रॅमची. कपभर दुधात या 60 च्या दुप्पट तरी असतं. आपल्याकडे भल्या पहाटे दूध डेअरीला जातं; त्यातलं घरच्या पोरांसाठी आधी काढून ठेवा. मॅग्नेशियमसाठी बाजरीची भाकरी आहेच, 100 ग्रॅम बाजरीत ते सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पाण्यातल्या क्षारांचा उपयोग होतो, जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला आहे. तरी जेवणाची जागा पाणी घेत नाही. आरओच्या पाण्याने हाडं ठिसूळ होतात, ही उलटी भीतीही चौरस जेवणाऱ्याने बाळगू नये.

जड पाण्याने मुतखडा होतो, असंही सर्रास म्हणतात. त्याला भक्कम आधार नाही. पाणी कमी पिणं हे मोठं कारण, आणि उन्हात राबणाऱ्याने ते जास्त लक्षात ठेवावं.

टीडीएस 500 च्या आत असेल तर आरओची गरज नाही, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये घेतली होती. नायट्रेट, फ्लोराइड वगैरे मर्यादेत असतील, तर जंतू मारणारा साधा उपाय पुरतो आणि पाण्यातले क्षारही टिकतात. तेव्हा आधी ग्रामपंचायतीत जा, पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल मागा, त्यात नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू या तीन ओळी वाचा. बोअर स्वतःचा असेल तर नमुना तपासून घ्या. तोवर दारातल्या माणसाला पैसे देऊ नका.