ट्रिम (क्रियापद)

ट्रिम हे कापून नीटनेटके करणे, कडा किंवा शेंडे छाटणे या अर्थांचे इंग्रजी क्रियापद आहे. दाढी, केस, कुंपणाची झुडपे, कागद, खर्च अशा अनेक गोष्टींसाठी ते वापरले जाते. मराठीत 'दाढी ट्रिम करणे', 'ट्रिमर' अशा प्रयोगांतून हा शब्द रूढ झाला आहे. छाटण्याचा अर्थ या शब्दाला नंतर मिळाला. त्याचा मूळ अर्थ 'बळकट करणे' असा होता.

व्युत्पत्ती

प्राचीन इंग्रजीत 'ट्रम' या विशेषणाचा अर्थ 'दृढ, बळकट' असा होता. त्यापासून बनलेले 'ट्रिम्मन' हे क्रियापद 'बळकट करणे, सज्ज करणे, व्यवस्थित लावणे' या अर्थाने वापरले जाई. मधल्या काही शतकांतील लेखनात ते क्वचितच आढळते. सोळाव्या शतकात मात्र ते अनेक अर्थांनी प्रचारात आले: जहाज सज्ज करणे, वस्त्र सजवणे, केस-दाढी नीट करणे. नीटनेटके करण्यासाठी बहुधा कापावे लागते; त्यामुळे 'कापणे' हा अर्थ त्यास चिकटला.

परस्परविरुद्ध अर्थ

वस्त्राला झालर लावणे किंवा नाताळचे झाड सजवणे यासाठीही हेच क्रियापद वापरतात. म्हणजे तेथे काही जोडले जाते, तर केसांच्या बाबतीत काढून टाकले जाते. 'व्यवस्थित करणे' हा मूळ अर्थ लक्षात घेतल्यास हा विरोध उरत नाही. जहाज किंवा विमान समतोल ठेवणे या तांत्रिक अर्थातही तोच मूळ अर्थ टिकून आहे.

मराठीतील समांतर उदाहरण

मराठी 'कापणे' या क्रियापदाचा प्रवासही असाच झाला आहे. संस्कृत 'कल्पयति' म्हणजे 'व्यवस्थित लावतो, योजतो'. हेच रूप पुढे केस, नखे इत्यादी कापण्याच्या अर्थानेही वापरले गेले. प्राकृतातील 'कप्पेइ' या रूपातून मराठी 'कापणे' आले. संस्कृत कोशांत 'कल्पक' या शब्दाचा 'न्हावी' आणि 'कल्पनी' या शब्दाचा 'कात्री' असाही अर्थ दिलेला आढळतो. त्यामुळे 'कल्पना' आणि 'कापणे' हे शब्द एकाच कुळातील ठरतात. 'कातरणे' आणि 'कात्री' यांचे मूळ मात्र निराळे असून ते संस्कृत 'कर्तरी' या शब्दाकडे जाते.

मराठी प्रतिशब्द

ट्रिम या क्रियापदासाठी मराठीत एकच प्रतिशब्द नाही. कर्मानुसार क्रियापद बदलते. झाडाच्या फांद्या छाटतात, कापडाची कड कातरतात, कोवळे शेंडे खुडतात, नखे काढतात किंवा कापतात. खर्चात काटछाट किंवा कपात केली जाते.

शेतीतील वापर

परभणी जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. यांपैकी तूर आणि कापूस या पिकांत छाटणीला विशेष महत्त्व आहे. तुरीचा शेंडा खुडल्यास मुख्य खोडाची उंचीकडील वाढ मंदावते आणि बाजूच्या फांद्या अधिक फुटतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक बगलेतील कळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा काढताच हा अटकाव दूर होतो. मात्र हे काम फुलकळ्या लागण्यापूर्वी करावे लागते. उशिरा खुडल्यास शेंड्याबरोबर कळ्याही जातात आणि उत्पादन घटते.

कापसात खालच्या बाजूने निघणाऱ्या, केवळ शाकीय वाढ करणाऱ्या फांद्यांना 'गळफांदी' आणि थेट बोंडे धरणाऱ्या फांद्यांना 'फळफांदी' म्हणतात. 'दादा लाड तंत्रज्ञान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लागवड पद्धतीत गळफांद्या काढून टाकतात आणि पुढे मुख्य शेंडाही छाटतात. फळफांद्यांना अधिक अन्नद्रव्ये मिळावीत, हा त्यामागील हेतू असतो. या कामांत कापण्याचा उद्देश झाड लहान करणे हा नसून ते सशक्त करणे हा असतो. ट्रिम या शब्दाचा मूळ अर्थही हाच होता.

हे सुद्धा पहा

छाटणी
कापूस
तूर
परभणी जिल्हा