खानदेशातली धामण: टोपली, काचपेटी, पिशवी

जळगाव-धुळ्याकडच्या आधीच्या पिढीने कोंडलेली धामण पाहिली ती गारुड्याच्या टोपलीत, नागपंचमीच्या आसपास. नाग हा नर आणि धामण त्याची मादी, ही गारुड्याची हुकमी थाप. गायीच्या मागच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते, हे गोठ्यातलं पुराणही जोडीला असायचंच. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्यावर पांढरं कापड टाकायला धावत, बरकत येते म्हणून. ती असते दोन नरांची कुस्ती. मादी त्या आखाड्यात नसतेच.

टोपलीतल्या धामणीला पंचमीआधी उपाशी आणि तहानलेली ठेवत. मग वाटी पुढे केली की ती दूध ओढायची आणि बघणारे हात जोडायचे. सापाला दूध पचत नाही. पुढच्या काही दिवसांत ती मरायची, पण तोवर गारुडी दुसऱ्या गावी गेलेला असायचा. मरणाचं कारण विचारायला कुणी उरत नसे, त्यामुळे कैदेतली धामण जगवायची कशी, हा प्रश्न त्या काळात पडलाच नाही.

टोपलीबाहेरही तिचे दिवस बरे नव्हते. लांबरुंद कातडीमुळे पर्स आणि पट्ट्यांच्या धंद्यात धामणीला मोठी मागणी होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1976 मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात थांबली, आणि हळूहळू या धंद्याची पाळंमुळं सैल झाली.

सापाकडे बघण्याची नजर बदलली ती ऐंशीच्या दशकात. 1980 मध्ये सर्पअभ्यासक नीलिमकुमार खैरे पुण्यात 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत राहिले, आणि 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. त्यानंतर राज्यात गावोगाव साप पकडणारी पोरं तयार झाली. सर्पमित्र हा शब्द आपल्याकडे घरचा झाला तो याच लाटेत. खानदेशात या कामाला आणखी एक निमित्त होतं. दशकाच्या अखेरीस केळी आणि कापसाच्या शेतात ठिबकच्या नळ्या पसरल्या, आणि उंदरांना कुरतडायला नवा माल मिळाला. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा तिथल्या कारखान्यांत कामाला असलेली खानदेशी माणसं तापीकाठच्या रेल्वेने गावाकडे निघाली. उंदीर हा नुसता नुकसानीचा नव्हे, भीतीचाही विषय झाला. धामण दिवसाउजेडी फिरते आणि सरळ उंदराच्या बिळात घुसते. शेतकऱ्याला हे पटवणं तेव्हापासून जरा सोपं गेलं.

सर्पमित्रांच्या पहिल्या फळीतल्या अनेकांनी तिला घरी ठेवलं, माशांच्या काचपेटीत. हेतू चांगला होता, जागा चुकीची होती. नागासारखी ती कोपऱ्यात दबून बसत नाही. मोठ्या डोळ्यांची, चपळ, दिवसा हिंडणारी. तिला काच कळत नाही. पलीकडे माणूस हलला की ती झेप घेते, नाहीतर वाट शोधत नाक घासत राहते. आठवडाभरात नाकपुडीवरचे खवले सोलवटतात, तिथून तोंडात जंतू शिरतात, हिरड्यांवर पिवळट थर चढतो आणि ती खाणं सोडते. इलाज महागडा नव्हता: तीन बाजूंना कागद चिकटवायचा, लपायला उलटा माठ फोडून ठेवायचा, अंग बुडेल एवढं पाण्याचं घमेलं द्यायचं. हे उमगेपर्यंत बऱ्याच धामणी गेल्या.

दुसरा शत्रू इथली हवा. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत बंद पेटीतला साप चाळिशीपलीकडे फार काळ टिकत नाही. मोकळी धामण अशा वेळी बिळात किंवा केळीच्या ओल्या सावलीत असते. थंडीत उलटं. रात्री पारा दहाच्या खाली गेला की गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडतो आणि ती तो ओकून टाकते. पेटीच्या एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा हवा, म्हणजे सापाला स्वतः जागा निवडता येते. कोरड्या हवेत कातही एकसंध उतरत नाही, डोळ्यांवरचं आवरण तसंच चिकटून राहतं. ते चिमट्याने ओढण्याऐवजी धामणीला रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवावं. शेतातला उंदीर खायला घालणंही धोक्याचं, कारण त्याने झिंक फॉस्फाईडची गोळी खाल्ली असेल तर विष सापाच्याही पोटात जातं.

गंमत अशी की हे सगळं शहाणपण जमेपर्यंत धामण घरी ठेवायची मुभा कुठेच उरली नाही. खरं तर ती आधीही नव्हती, फक्त कुणी फारसं विचारत नसे. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, धामण पहिल्या अनुसूचीत गेली. आता पकडलेली धामण कापडी पिशवीत घालायची, वनखात्याला कळवायचं आणि लवकरात लवकर जवळच्याच शिवारात सोडायची. मला हे योग्य वाटतं. धामणीला माणसाचा लळा लागत नाही. ती सरावते एवढंच, आणि हौसेपायी त्या सरावण्याला माया म्हणण्यात अर्थ नाही.

त्या जुन्या चुकांचा उपयोग आता जखमी धामणींना होतो. नायलॉनच्या जाळीत अडकून कातडी कापलेली, रोटाव्हेटरने पाठ फाटलेली धामण वनखात्याच्या परवानगीने, पशुवैद्याच्या देखरेखीखाली काही आठवडे कोंडावी लागते. तेव्हा काचेला कागद, उन्हाळ्यात ओलं पोतं, हाताळणी शून्य. आणि अंडी. पाया खणताना किंवा कडब्याची गंजी उचलताना डझनभर पांढरी, चिवट सालीची अंडी निघतात. मादी बऱ्याचदा त्यांच्यावरच बसलेली असते. ती जागा मोडलीच असेल, तर अंडी पालथी न करता, आहेत तशीच उचलायची. वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण केली की घोळ होत नाही. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांसाठी येणारं कोकोपीट इथे सहज मिळतं. ते भिजवून घट्ट पिळायचं आणि डब्यात अंथरायचं, वर अंडी, तापमान 28 ते 30 च्या दरम्यान. साधारण दोन महिन्यांनी हातभर पिल्लं बाहेर पडतात. पहिली कात टाकेपर्यंत ती सहसा खात नाहीत, तोवर पाण्याची वाटी पुरते. मग ज्या शिवारातून अंडी आणली तिथल्या ओढ्याकाठी त्यांना सोडायचं, कारण या वयात त्यांना उंदीर झेपत नाही, बेडकाची पिल्लं लागतात.