संध्याकाळचें जेवण आणि मुलांचें हस्तकाम

सायंकाळीं सहापासून आठपर्यंतचा काळ हा लहान मुलें असलेल्या शहरी कुटुंबांत दिवसांतील सर्वांत अवघड काळ होय. आईबाप कामावरून दमून आलेले असतात. मूल दिवसभर पाळणाघरांत अथवा आजीआजोबांपाशीं राहून त्यांच्या सहवासाला आसुसलेलें असतें. आणि नेमकी त्याच वेळीं स्वयंपाकाची घाई सुरू होते. मूल ओट्याशीं येऊन पदर ओढूं लागतें. ‘जरा बाहेर खेळ, मला काम करूं दे,’ असें त्याला सांगण्यांत येतें. तें ऐकत नाहीं. मग दोन बिस्किटें आणि मोबाईल हातीं देऊन त्याची समजूत घालण्यांत येते. पान वाढून होतें तों बिस्किटांनीं भूक मेलेली असते आणि मोबाईल हातांतून सुटत नाहीं. पुढचा पाऊण तास चित्रें दाखवून एकेक घांस भरविण्यांत जातो. मूल जेवत नाहीं, हट्टी झालें आहे, अशी तक्रार मग डॉक्टरांकडे जाते. कित्येकदां हा दोष मुलाच्या पोटाचाही नसतो व स्वभावाचाही नसतो. तो त्या दोन तासांच्या व्यवस्थेचा असतो.

ही व्यवस्था पूर्वी अशी नव्हती, आणि तिचें कारण मोठें साधें आहे. जुन्या घरांत चूल जमिनीवर असे. विळी, पोळपाट, परात, सर्व कांहीं जमिनीवरच मांडलेलें असे, आणि स्वयंपाक करणारी बाई पाटावर बसून काम करी. मूल तिच्यासमोर येऊन बसलें कीं सर्व व्यवहार त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येत. मटार सोलणें, मेथी निवडणें, लसूण सोलणें हीं कामें त्याच्याकडे आपोआप येत. लग्नसराईपूर्वीं घरांतील बायका गव्हले, मालत्या, नखुल्या वळूं लागल्या कीं लहान मुली, आणि पुष्कळदां मुलगेही, चिमटीएवढी कणीक घेऊन त्यांच्यांत बसत. त्यास कोणी शिक्षण म्हणत नसे. पुढें उभ्यानें स्वयंपाक करण्याची सोय झाली. ती बायकांच्या कंबरेला व गुडघ्यांना सुखाची झाली यांत शंका नाहीं, आणि ती सोडावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ओट्याची उंची पावणेतीन-तीन फूट, आणि तीन वर्षांच्या मुलाची उंचीही जेमतेम तेवढीच. ओट्यावर काय चाललें आहे हें त्याला दिसतच नाहीं. तें पदर ओढतें तें बहुधा ह्यासाठींच.

म्हणून पहिला उपाय असा, कीं शिजविण्याचें काम ओट्यावर राहूं द्यावें, आणि मळणें, लाटणें, थापणें, निवडणें हें मुलाला घेऊन खालीं जमिनीवर करावें. मुलाला स्टुलावर चढवून शेगडीजवळ उभें करण्यापेक्षां हें अधिक सोयीचें आणि पुष्कळ अधिक निर्धोक आहे.

लहान मुलाला खेळांतल्या कामापेक्षां खरें काम आवडतें ही गोष्ट शिक्षणशास्त्रज्ञांनीं फार पूर्वीं ओळखली होती. मारिया माँटेसरी यांनीं 6 जानेवारी 1907 रोजीं रोम शहरांतील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तेथें मुलें स्वतः मेज मांडीत, ताटल्या आणीत आणि सूप वाढीत. हीं भांडीं खरीं, फुटणारीं असावींत असा माँटेसरीबाईंचा आग्रह होता. कारण जी वस्तु फुटत नाहीं ती जपून धरण्याचें मुलाला कारणच उरत नाहीं. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तेव्हां महागडीं शैक्षणिक साधनें खेड्यांत परवडणारीं नव्हतीं. त्यांनीं व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं शंख, शिंपले, खडे, बिया, पानें अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंचीं साधनें बनविलीं, आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं हेंच कार्य पुढें वाढविलें. शहरांतील सुशिक्षित पालक रंगीत लाकडी ठोकळ्यांच्या पेटीला हजारों रुपये मोजतात आणि घरांतल्या पोळपाटाला मुलाला हात लावूं देत नाहींत, हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें.

आतां प्रत्यक्ष पदार्थांकडे वळावें. मुलाला हाताशीं घेऊन करावयाच्या जेवणांत वरणफळांचा, म्हणजेच चकोल्यांचा, क्रमांक पहिला लावावा लागेल. हा पदार्थ एकाच भांड्यांत होतो, त्याबरोबर पोळीभाजीची गरज नसते, आणि त्यांतील अर्धें काम मुलाचें असतें. चार माणसांस एक वाटी तुरीची डाळ व दोन वाट्या कणीक पुरते. डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवावी, घोटावी, आणि फोडणींत घालून चिंच, गूळ, मीठ व थोडा गोडा मसाला यांसह तिची सैल आमटी करावी. ती नेहमींपेक्षां बरीच पातळ हवी, कारण कणकेचे तुकडे शिजतांना पुष्कळ पाणी पितात; येथें हात आंखडला तर शेवटीं भांड्यांत गोळा होऊन बसतो. कणकेंत मीठ, हळद, ओवा व चमचाभर तेल घालून ती घट्ट भिजवावी. भिजविण्याचें कामही मुलाला द्यावें. मात्र पाणी आपल्या हातीं ठेवावें.

पोळी लाटून पोळपाट मुलापुढें ठेवला कीं त्याचें खरें काम सुरू होतें. करंजीचें कातणें त्याच्या हातीं द्यावें. तें नसल्यास लहान वाटी किंवा डबीचें झांकण चालतें. कोणी शंकरपाळे कापील, कोणी चंद्र, कोणी नुसत्या वेड्यावांकड्या पट्ट्या. ह्यांपैकीं कोणताही तुकडा ‘असा नको, तसा कर’ म्हणून परत करूं नये. एकच गोष्ट सांगावी, कीं सर्व तुकडे सारख्या जाडीचे असावेत. जाड राहिलेला तुकडा आंत कच्चा राहतो आणि पातळ विरघळून जातो. हें एकदां तोंडीं सांगून कळत नाहीं, पण कच्चा तुकडा दांताखालीं आला कीं चार वर्षांच्या मुलालाही कळतें. तुकडे उकळत्या आमटींत सोडण्याचें काम मात्र मोठ्या माणसानेंच करावें, आणि तेंही एकेक करून, नाहींतर ते एकमेकांस चिकटतात. आठदहा मिनिटांत तें शिजतें. पानांत वाढून वर साजूक तूप घातलें, कीं मूल प्रथम आपला चंद्र शोधूं लागतें. तो सांपडला कीं खातें, आणि त्याच्या शोधांत सांपडलेले आणखी चारही खातें. प्रत्येक मूल पहिल्याच दिवशीं असें करील असा भरवंसा कोणी देऊं नये. पण स्वतःच्या हातचा पदार्थ चाखून पाहण्याची इच्छा बहुतेकांस होते, आणि घासामागें धांवण्यापेक्षां ती अधिक उपयोगी पडते.

दुसरा पदार्थ थालीपीठ. ह्याची भाजणी ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, हरभऱ्याची व उडदाची डाळ आणि धने हीं निरनिराळीं भाजून एकत्र दळलेली असते. धान्याच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो. उलट डाळींत मिथिओनीन कमी, तें धान्यांत मिळतें. दोन्ही एकत्र आलीं कीं एकाची उणीव दुसरें भरून काढतें. ही रासायनिक भाषा आपल्या आज्यांना ठाऊक नव्हती, पण वरणभात, खिचडी, इडली, थालीपीठ ही सर्व जोडी त्यांनीं बरोबर जमविली होती. पिठांत किसलेला दुध्या किंवा लाल भोपळा, चिरलेली मेथी, कांदा, जें असेल तें घालावें. ओल्या फडक्यावर अथवा केळीच्या पानावर मुलानें तें थापावें आणि बोटानें त्याला भोंकें पाडावींत. भोंकें शोभेसाठीं नसतात. त्यांतून तेल खालीं उतरतें, वाफ वर निसटते आणि जाड पिठाचें मधलें अंग खरपूस भाजतें. मुलाच्या बोटाचें भोंक मोठ्यांच्या बोटाहून लहान पडतें, तेव्हां त्याला दोन भोंकें अधिक पाडूं द्यावींत.

ज्या दिवशीं शेगडी पेटविण्याचाही कंटाळा असेल त्या दिवशीं दडपे पोहे. पातळ पोहे, खोवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा व काकडी, लिंबू, मीठ, साखर हें सर्व मुलानें हातानें कालवावें, वर झांकण घालून थोडा वेळ दडपून ठेवावें, आणि हिंग-मोहरीची फोडणी शेवटीं मोठ्या माणसानें घालावी. ह्याबरोबर ताक दिलें कीं रात्रीचें हलकें जेवण झालें.

जेवण शिजत असतां मुलाचा हात रिकामा राहतो, आणि रिकामा हात पुन्हा मोबाईलकडे जातो. येथें हस्तकामाचा उपयोग होतो. कातण्यानें कापून उरलेल्या कणकेची चिमणी, साप, चेंडू हें सर्व मुलें न शिकवितां करतात, आणि ती कणीक पुन्हा मळून पोळीसाठीं वापरतां येते, मात्र मुलाचे हात आधीं धुतलेले हवेत. टिकणारी वस्तु हवी असल्यास दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि एक वाटीहून किंचित् कमी पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. मिठानें तो कुजत नाहीं, आणि त्याचीं चित्रें तीनचार दिवस उन्हांत वाळविलीं कीं टणक होतात. हा गोळा मुलानें चाखूं नये. इतकें मीठ लहान मुलाच्या पोटांत जाणें अपायकारक आहे. खाण्याचें धान्य खेळांत दवडावें काय, असा आक्षेप घरांतील वडील मंडळी घेतील, आणि तो योग्यच आहे. ह्या कामाला पोरकिडे झालेलें पीठ चाळून घ्यावें, आणि तेंही महिन्यांतून एकदां. एरवीं शाडूची माती सर्वांत उत्तम. ती वाळली तरी पुन्हा भिजवितां येते, आणि पोळ्याचे बैल व गणपती ह्यांच्या निमित्तानें ती आपल्या घरांत परकीही नाहीं.

भाजी चिरतांना भेंडीचें देंठाकडील टोंक फेंकूं नये. त्याचा काप रंगांत बुडवून कागदावर उमटविला कीं बहुधा पांच पाकळ्यांचें फूल उठतें. कागदाला जुन्या दिनदर्शिकेची कोरी पाठ पुरते. रंगाला बिटाचा रस व हळदीचें पाणी घ्यावें. हे रंग कांहीं दिवसांत विटतात, तें मुलाला आधीं सांगून ठेवावें. हळदीची आणखी एक गंमत आहे. हळदीचें पाणी लावून वाळविलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत भिजविलेल्या काडीनें रेघ ओढली कीं ती तांबडी उमटते, आणि तिच्यावर लिंबू पिळलें कीं पुन्हा पिवळी होते. क्षाराचा स्पर्श झाला कीं हळदीचा रंग पालटतो, आम्लानें तो परत येतो. साडीवर पडलेला हळदीचा डाग साबण लागतांच लाल कां होतो, ह्याचेंही उत्तर त्यांतच आहे. ह्या प्रयोगाला चुना मात्र वापरूं नये. डोळ्यांत उडालेला चुना दृष्टी घालवूं शकतो.

चिकटविण्यासाठीं खळ घरींच करावी. एक मोठा चमचा मैदा वाटीभर पाण्यांत कालवून, मंद आंचेवर ढवळीत शिजविला कीं झाली. पुस्तकबांधणी करणारे लोक कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत असत. तें विष आहे, आणि मुलांच्या खळींत तें घालावयाचें नाहीं. खळ दोन दिवसांत आंबली तर ती टाकून नवी करावी.

आणखी एका धोक्याकडे सुशिक्षित घरांतही दुर्लक्ष होतें. चिंचोके, वाटाणे, हरभरे, मणी ह्यांचीं नक्षीकामें फार सुंदर होतात, पण तीन वर्षांखालील मूल ह्या वस्तु तोंडांत, नाकांत वा कानांत घालतें. त्याला त्याऐवजीं मोठे शिंपले किंवा बाटल्यांचीं मोठालीं झांकणें द्यावींत. अख्खे शेंगदाणे पांच वर्षांपर्यंत खाण्यासही देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकल्याचे प्रसंग डॉक्टरांना वारंवार पाहावे लागतात. दाण्याचें कूट करून घातलें कीं तीच चव, तेंच पोषण आणि भीति नाहीं.

हें सर्व करावयास रोज अर्धा तास पुरतो, आणि आठवड्यांतून तीन दिवस जमलें तरी चालेल. पीठ सांडणार हें धरूनच चालावें. काम संपल्यावर मुलाच्या हातीं एक ओलें फडकें द्यावें. जमीन पुसण्याचें काम मुलांना पोळी लाटण्याइतकेंच आवडतें, फक्त तें मोठ्यांनीं शिक्षा म्हणून सांगितलेलें नसावें. मिठाच्या पिठाच्या चिमण्या पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या, कारण मीठ हवेंतील ओल ओढतें आणि श्रावण येईतों त्या मऊ पडतात. मोडल्यावर त्या कचऱ्यांत टाकाव्या, गाईपुढें किंवा कुत्र्यापुढें टाकूं नयेत.