पाहिलेला चित्रपट आणि सांगितलेलें मत

चित्रपटगृहांतून बाहेर पडलेला मनुष्य फार वेळ मुका राहूं शकत नाहीं. दाराबाहेरच्या उजेडांत डोळे मिचकावीत असतांनाच तो सोबत्याला विचारतो, “कसा वाटला?” आणि उत्तर येण्यापूर्वीं स्वतःचें मत सांगून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशीं तेंच मत कचेरींत, एस्. टी.च्या थांब्यावर, पाणवठ्यावर आणि रात्रीच्या पंगतींत फिरूं लागतें. या बोलण्याला कोणी टीका म्हणत नाहीं. बोलणाराहि आपण परीक्षण करीत आहों असें मानीत नाहीं. तरी जो चित्रपट दुसऱ्या आठवड्यांत टिकतो तो बहुधा या बोलण्याच्या बळावरच टिकतो. जाहिरात पहिल्या दिवसाची गर्दी जमवूं शकते. पुढची गर्दी पहिल्या गर्दीच्या तोंडीं असते.

हीं सहज मतें दिसतात तितकीं साधीं मात्र नसतात. त्यांची एक स्वतंत्र परिभाषा आहे. “बरा आहे” याचा अर्थ चित्रपट चांगला आहे असा होत नाहीं. सांगणारा कंटाळला होता, पण नेणाऱ्याचें मन त्याला मोडावयाचें नाहीं, इतकाच होतो. “एकदां पाहायला हरकत नाहीं” असें म्हणणारा स्वतः दुसऱ्यांदा जाणार नसतो. “पैसे वसूल झाले” या निर्णयांत कलेचें मोजमाप तिकिटाच्या दरानें झालेलें असतें. आणि मराठवाड्यांतला तरुण जेव्हां “लई भारी” म्हणतो, तेव्हां त्यापुढें कारण विचारणें म्हणजे जेवून तृप्त झालेल्याला पदार्थाची कृति विचारण्यासारखें आहे. ऐकणारा हे शब्द जसेच्या तसे घेत नाहीं. सांगणारा कोण, त्याला काय रुचतें, गेल्या वेळीं त्याच्या शिफारशीनें गेलें असतां काय अनुभव आला, हें सर्व जमेस धरून तो त्या मताची किंमत ठरवितो. छापील परीक्षण लिहिणाराला वाचक ओळखत नाहीं. मामाच्या मताला मात्र मामाची सगळी ओळख चिकटलेली असते.

परंतु या बोलण्याचें खरें महत्त्व शिफारशींत नाहीं. चित्रपटाविषयीं मत देतांना मनुष्य पुष्कळदां स्वतःच्या आयुष्याविषयीं बोलत असतो, आणि तें अशा वेळीं कीं, जेव्हां त्याला तें उघडपणें बोलतां येत नसतें. याचें उत्तम उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ चा ‘कुंकू’ हा चित्रपट. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केला. वृद्ध विधुर वकिलाशीं फसवून लग्न लावून दिलेली नीरा तें लग्न मनानें स्वीकारण्यास साफ नकार देते, हें त्याचें कथासूत्र. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहून घरीं परतलेल्या कुटुंबांत बोलणें निघालें, तर तें केवळ अभिनयाविषयीं राहणें शक्यच नव्हतें. जरठकुमारी विवाह ही त्या काळीं कित्येक घरांतली प्रत्यक्ष गोष्ट होती. ज्या मुलीला स्वतःच्या लग्नाविषयीं वडिलांसमोर एक अक्षर काढण्याची सोय नव्हती, तिलाहि “नीरेनें केलें तें योग्यच केलें” एवढें म्हणतां येत होतें. वडिलांनाहि त्यावर रागावण्यास उघड कारण नव्हतें, कारण बोलणें तर चित्रपटाविषयीं चाललेलें! पडद्यावरच्या माणसाची बाजू घेऊन स्वतःची बाजू मांडण्याची ही सोय चित्रपटानें घराघरांत करून दिली.

सहज मताची दुसरी एक शक्ति ‘संत तुकाराम’ या चित्रपटानें दाखवून दिली. १९२९ मध्यें कोल्हापुरांत स्थापन झालेली आणि १९३३ मध्यें पुण्यास आलेली ‘प्रभात’ १९३६ मध्यें हा चित्रपट घेऊन आली. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचें. तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. मुंबईंत एकाच चित्रपटगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्यें इटलींतील व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. खेड्यांपाड्यांतून आलेला प्रेक्षक पागनिसांना पाहून हात जोडी आणि “हे तुकोबाच” म्हणे. शहरी मनुष्याला हा भोळेपणा वाटेल. पण जे पागनीस पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, त्यांच्या ठिकाणीं नटाचा लवलेशहि न दिसतां केवळ संत दिसावा, यापेक्षां अभिनयाची मोठी स्तुति कोणत्या परीक्षकाला लिहितां येईल? भोळ्या प्रेक्षकानें दोन शब्दांत जें सांगितलें तेंच पंडितानें दोन पानांत सांगितलें असतें. आणि पंडितहि फसलेच. या चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेलें एक पद तुकोबांचाच अभंग म्हणून जाणत्यांनीं मानलें. भक्तानें नटाला तुकोबा मानलें आणि जाणत्यानें कवीला. दोघांच्या मतांतून निष्पन्न झालें तें एकच, कीं चित्रपट खरा उतरला होता.

शहरांतल्या कुटुंबाला चित्रपटगृह हाकेच्या अंतरावर असे. धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा तालुक्याच्या सास्तूरसारख्या गांवांची गोष्ट निराळी. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सोलापूर, लातूर हीं शहरें प्रवासाच्या अंतरावर. अशा गांवांकडे चित्रपटच चालत येई, तो फिरत्या चित्रपटगृहाच्या रूपानें. यात्रेच्या माळावर तंबू उभा राही, मालमोटारींतून यंत्र आणि पडदा उतरे, कर्णा दिवसभर नांवें पुकारी, आणि अंधार पडला कीं पहिला खेळ सुरू होई. प्रेक्षक जमिनीवर मांडी घालून बसत. मोठ्या यात्रेंत एका रात्रींत एकामागून एक खेळ होत. पहिल्या खेळाचे लोक बाहेर पडत तेव्हां दुसऱ्या खेळाचे लोक तिकिटासाठीं उभे असत, आणि सहज मताचा सर्व व्यापार त्या दोन रांगांच्या मधल्या चार हातांत होई. बाहेर येणारा डोळे पुसत आला तर बायका पुढें सरकत. तो जांभई देत आला तर तरुण शेजारच्या तंबूकडे वळत. कर्ण्यावरच्या स्तुतीपेक्षां त्या चेहऱ्यांवर लोकांचा भरंवसा अधिक. १९९१ चा ‘माहेरची साडी’ पाहण्यास ग्रामीण स्त्रियांनीं जी गर्दी केली, तिच्यामागें अशीच एकीनें दुसरीला दिलेली साक्ष होती. महाराष्ट्रांतल्या या तंबूंचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं एका माहितीपटांत टिपून ठेवले, आणि तो २०१६ मध्यें फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत दाखविला गेला.

तंबूंतल्या मताचा विशेष असा कीं, तें एकट्याचें नसे. शेजाऱ्यानें तोच प्रसंग त्याच रात्रीं पाहिलेला असे. कोणी फुगवून सांगूं लागला तर चार जण त्याला जागेवर आणीत. दुसऱ्या दिवशीं पारावर खलनायकाचा न्याय होई, नायिकेच्या सासूला शिव्या मिळत, आणि हंसतां हंसतां गांवांतल्या कोणा सासूचें नांवहि निघे. सहज मताला तिकीट लागत नाहीं, परंतु बसावयास जागा लागते, ती ही अशी.

सास्तूरच्या बाबतींत हा जागेचा प्रश्न शब्दशः उभा राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचीं मातीचीं जड धाबीं झोपलेल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों जीव गेले. किल्लारीप्रमाणेंच सास्तूर हेंहि अतोनात हानि झालेल्या गांवांपैकीं एक होतें. पुढें या भागांतलीं ५२ गांवें नव्यानें वसविण्यांत आलीं. नवीं घरें भूकंपाला तोंड देणारीं झालीं, रस्ते रुंद झाले, घराघरांत अंतर आलें. आणि हें सर्व जीव वांचविण्यासाठीं आवश्यकच होतें. परंतु दाट वस्तींतल्या ओसऱ्या, बोळ आणि पार यांच्याबरोबर जातां येतां होणारें बोलणेंहि विरळ झालें, असें अशा गांवांविषयीं वारंवार नोंदलें गेलें आहे. ज्या गांवानें एका पहाटे इतकें गमावलें, त्याला तर एकमेकांशीं बोलण्यास साध्या निमित्तांची गरज इतरांहून अधिक. पाहिलेला चित्रपट हें तसें एक निमित्त आहे.

त्याच सुमारास पाहण्याची रीतिहि पालटत गेली. तंबूच्या जागीं दूरदर्शन आलें. प्रारंभीं तें गल्लींत एखाद्याच घरीं असल्यामुळें आठवड्याचा चित्रपट पाहण्यास शेजारपाजार जमे आणि मतांची देवघेव जागच्या जागीं होई. मग घरोघर संच आले. पुढें मोबाईल आला आणि एका घरांतले चौघे चार चित्रपट पाहूं लागले. आतां मताचा दुष्काळ नाहीं. उलट चित्रपट पाहण्यापूर्वींच शेंकडों अनोळखी लोकांचीं मतें हातांत येऊन पडतात. पण तंबूच्या दारांतला चेहरा त्यांत नसतो, आणि सांगणाऱ्याला जागेवर आणणारा शेजारीहि नसतो. प्रेक्षक चित्रपटास जातो तो दुसऱ्याचें मत पडताळण्यास, आणि परत येतो तो पुष्कळदां तेंच मत घेऊन.

तरीहि कांहीं चित्रपट हें कुंपण मोडतात. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील जेऊर या गांवीं वाढलेले दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (२०१४) आणि ‘सैराट’ (२०१६) हे त्यांतले. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेंतील शब्द, त्याचा अर्थ डुक्कर. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला. सोलापूर-धाराशिवकडच्या प्रेक्षकाला मात्र पडद्यावरची बोली, वाळलेलीं शिवारें आणि गांवाबाहेरची वस्ती कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. एरवीं खेड्यांतला मनुष्य शहरानें रंगविलेलें खेडें पाहून मुकाट्यानें परतत असे. येथें तो अधिकारानें बोलूं शकला. “आमच्याकडे असेंच बोलतात” किंवा “पाटलाच्या घरांत असें घडत नाहीं” हें मत सहजपणें उच्चारलेलें असलें तरी तें जाणकाराचें मत असतें.

‘सैराट’च्या वेळीं तर ‘कुंकू’चीच गोष्ट नव्या रूपानें घडली. वरच्या जातींतली आर्ची आणि खालच्या जातींतला परशा यांच्या प्रेमाविषयीं प्रत्येकाला मत होतें. कोणाला अजय-अतुल यांच्या गाण्यांखेरीज कांहीं आठवेना. कोणाला वाटलें कीं यानें मुलें बिघडतील. कोणी म्हणालें कीं चित्रपटानें कांहीं बिघडविलें नाहीं, घडतें तेंच दाखविलें. रिंकू राजगुरू हिची आर्ची बुलेट चालविते, याचें एकीला कौतुक तर दुसरीला धास्ती. या वादांत जात, मुलीची इच्छा आणि घराची अब्रू हे तिन्ही विषय होते, आणि त्यांतला एकहि विषय गांवांत स्वतःच्या नांवानें उघडपणें काढतां येत नाहीं. आर्ची-परशाच्या नांवानें मात्र काढतां येतो. विशेष हें कीं, हजारों लोकांनीं या चित्रपटाविषयीं बोलतांना शेवट सांगण्याचें टाळलें. “जाऊन बघा” एवढेंच म्हणून ते गप्प होत. तोच शिष्टाचार येथेंहि पाळलेला बरा.

या सर्वांवरून चांगलें सहज मत कसें असावें हें ठरवितां येतें. तें विद्वत्तापूर्ण असण्याची गरज नाहीं, पण तें पाहिलेल्या गोष्टीला धरून असावें. “भिकार आहे” यापेक्षां “बाप मुलाला मारतो तो प्रसंग मला खोटा वाटला” हें मत लाखमोलाचें, कारण त्याला ऐकणाराला उत्तर देतां येतें. चित्रपट आवडला नाहीं आणि चित्रपट वाईट आहे, या दोन वाक्यांतलें अंतर ज्याला कळलें त्याच्याशीं वाद घालण्यांतहि सुख असतें. डोकें दुखत असतां पाहिलेल्या चित्रपटाचें मत डोकेदुखीसह सांगावें. आज सांगितलेलें मत आठ दिवसांनीं पालटलें तर तेंहि सांगावें. कित्येक चित्रपट घरीं आल्यावरच मनांत उलगडूं लागतात. आणि घरांतल्या वडील माणसानें आपलें मत शक्यतों शेवटीं सांगावें, कारण त्यानें निकाल दिला कीं धाकट्यांचीं तोंडें मिटतात. मग “बरा होता” एवढाच एक उद्गार त्या घरांत उरतो.

धाकट्या मुलीनें जेवतांना एखाद्या नायिकेची बाजू जरा अधिकच आवेशानें घेतली, तर सुज्ञ घरानें चित्रपटाची चर्चा तेथेंच आटोपूं नये. ती कदाचित् नायिकेविषयीं बोलतच नसेल. तिला पुढें बोलूं द्यावें आणि मध्यें फक्त एवढेंच विचारावें: “तुला असें कां वाटलें?”